सराव पाठ आणि पिशवीतली वही

प्रिय भावी कलाशिक्षिके,

अनेक आशीर्वाद.

ए.टी.डी.चं, म्हणजे कलाशिक्षक पदविकेचं, पहिलं वर्ष लागलं की दोन भीती जोडीनेच येतात. सराव पाठाला वर्ग आवरेल का, ही पहिली. शिकवता शिकवता स्वतःचं चित्र सुटेल का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर बरंचसं पाण्याच्या बादलीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तासिका साधारण ३५ मिनिटांची असते. मुलं स्थिरावेपर्यंत तीन मिनिटं जातात, ब्रश-भांडी आवरायला पाच. उरली २७. निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले असतात आणि पाठटिपणात प्रस्तावना, हेतुकथन असं सगळं लिहिलेलं असतं, म्हणून नवखी शिक्षिका बोलण्यातच बारा-पंधरा मिनिटं घालवते. मग मुलांच्या हाती रंग येतो आणि घंटा होते. बोलणं चार मिनिटांत आटप. पाण्यासाठी मुलांना नळावर सोडलंस तर पाठ तिथेच संपला. २५ बाकं असतील तर प्रत्येक बाकावर दोन भांडी ठेव, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घालायला. प्लास्टिकच्या बाटल्यांचे कापलेले तळ चालतात. प्रत्येकात दीडशे मिली ओतलंस तर एका बादलीत ५० भांडी होतात, आणि चार मुलं ती पाच मिनिटांत वाटतात. हे काम तास सुरू व्हायच्या आधी झालेलं हवं.

रंग मळतो त्याला नेहमी गढूळ पाणीच कारण असतं असं नाही. मूल लेमन यलोत क्रिमसन लाल घालतं आणि नारिंगी मेलेला दिसतो, कारण क्रिमसनमध्ये निळ्याची झाक असते. गोल्डन यलोत शेंदरी झाकेचा व्हर्मिलियन लाल घालून दाखव, तोच नारिंगी पेटतो. जांभळ्याचं उलटं: तिथे व्हर्मिलियन घातलं की तपकिरी चिखल होतो, क्रिमसन आणि अल्ट्रामरीनच हवे. हे तोंडी सांगू नकोस. दोन्ही मिश्रणं कागदाच्या पट्टीवर शेजारी शेजारी लावून वर्गात फिरव. पोस्टर कलर दाटसर ताकाइतका असावा. त्याहून पातळ झाला तर ब्रशचे पट्टे दिसतात, जाड थापला तर वाळल्यावर भेगा जाऊन पापुद्रे सुटतात. जलरंगात अर्धवट वाळलेल्या वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या थराला, भरलेला ब्रश लावला की फुलकोबीसारखा डाग उमटतो. एक तर रंग ओला असतानाच हात घालायचा, नाहीतर पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. मधल्या वेळेत कागदाला हात लावायचा नाही, आणि नेमकं तेच मुलांना जमत नाही.

वस्तुचित्रात सगळ्यात जास्त चुका डब्यात होतात. मूल तोंडाचं लंबवर्तुळ बरं काढतं आणि तळाला सरळ रेघ मारतं, कारण डबा सपाट टेबलावर ठेवलाय हे त्याला माहीत असतं. डबा नजरेच्या पातळीखाली असेल तर तळ त्या पातळीपासून अधिक दूर असतो, म्हणून तळाचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त उघडं दिसायला हवं. लंबवर्तुळाची टोकं बदामासारखी टोकदार होणं ही दुसरी चूक. ५० मुलांपुढे एकच मांडणी ठेवलीस तर मागच्यांना डबा दिसतच नाही, ती पुढच्याच्या कागदावरून उतरवतात. चार मांडण्या कर आणि प्रत्येकीभोवती बारा-तेरा मुलं बसव.

मुलाच्या कागदावर स्वतःची रेघ ओढू नकोस. एक रेघ ओढलीस की ते चित्र त्याचं राहत नाही, आणि पुढच्या वेळी ते पेन्सिल तुझ्याच हातात देतं. सोबत कागदाच्या पट्ट्या ठेव आणि जे दाखवायचं ते त्यावर दाखव. फळ्यावरचं प्रात्यक्षिकही काम सुरू होताच पुसून टाक. ठेवलंस तर ५० नकला येतील. दोन डोंगर, मधला सूर्य, झोपडी, नदी या चित्राला हसू नकोस. ‘तुझ्या खिडकीतून कोणाचं छप्पर दिसतं?’ असं विचार. डोंगर आपोआप मागे पडतात.

सातव्या-आठव्या वर्षी मुलं कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढून सगळं तिच्यावर उभं करतात, घराच्या भिंतीतून आतली माणसं दाखवतात. ती चूक नव्हे. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांतल्या अशा टप्प्यांची नीट मांडणी केली आहे, ती वाच. तिसरीच्या मुलावर यथार्थदर्शन लादलं तर ते काढणंच सोडतं. दहा-अकराच्या सुमाराला ते स्वतःच विचारू लागतं की लांबचा माणूस लहान का दिसतो. ते विचारील तेव्हा शिकव. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या घाईत स्मरणचित्राचे ठरावीक देखावे पाठ करून घेतले जातात. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीत वाढीव गुण मिळत असल्याने पालकांचाही रेटा असतो. तू त्या रांगेत जाऊ नकोस, कारण पाठ केलेली छत्रीवाली बाई प्रत्येक उत्तरपत्रिकेत उजवीकडेच वळते आणि परीक्षकांना ती लांबूनच ओळखू येते.

फलकलेखनासाठी खडूचे इंचभर तुकडे कर आणि आडवे धर. रेघ खांद्यातून यायला हवी, मनगटातून आली की ती कापते. ओल्या फडक्याने पुसलेला फळा वाळल्याशिवाय खडू धरत नाही, तेव्हा ते काम मधल्या सुट्टीत उरक. काढून झाल्यावर शेवटच्या बाकापर्यंत जाऊन बघ, आणि खिडकीजवळच्या बाकांवरूनही बघ, तिथून फळा चकाकतो.

आता दुसरी भीती. चित्र सुटतं ते फळ्यावर रोज तेच ते काढल्याने. डोळ्याला नवं काही मिळत नाही आणि हात जुनंच उगाळतो. चित्रकार म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून चार दशकं होते. तरी त्यांच्या हातून चित्रं, पोस्टरं, पोस्टकार्डं भरभरून झाली. चित्रकार सावळाराम हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःचे कलावर्ग काढले आणि जलरंगात रंगवतही राहिले. त्यांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. संधी मिळाली तर ते छापील प्रतीत नव्हे, तिथे जाऊन बघ.

तुझ्यासाठी एवढंच: पिशवीत ए-५ची वही आणि एक बॉलपेन. बॉलपेन यासाठी की खोडता येत नाही. एस.टी. स्टँडवर, रांगेत, लोकलमध्ये रोज दहा माणसं काढ, प्रत्येकी दोन मिनिटं. त्यातली तीन पाठमोरी, कारण पाठीतूनच शरीराचा भार कुठल्या पायावर आहे ते कळतं. रात्री त्यातलं एक वही न उघडता पुन्हा काढ आणि मग ताडून बघ. पहिल्या महिन्यात हातपाय आठवणार नाहीत, फक्त कपडे आठवतील, तेव्हा घाबरू नकोस. हीच वही स्मरणचित्राच्या पाठाला वर्गात ने. चुकलेली पानंही मुलांना दाखव, तीच ती जास्त वेळ बघतात.

रविवारी पाव इंपीरियल, म्हणजे ११ × १५ इंच कागद घेऊन बाहेर बस. सकाळी साडेसातला सुरू कर आणि दोन तासांत उठ. सावल्या तोवर सरकलेल्या असतात, म्हणून त्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलने पक्क्या कर आणि नंतर बदलू नकोस. बाकी काही अर्धवट राहिलं तरी चालेल.

पुढच्या पत्रासोबत तुझ्या वहीची दहा पानं पाठव. निवडून नको, सलग हवीत, तारखा घालून. आणि फळ्यावरचं प्रात्यक्षिक पुसण्याआधी त्याचा फोटो काढ, शेवटच्या बाकावरून.

तुझी,
एक कलाशिक्षिका