चिलीची चेरी कुठून बळ घेते

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

चिलीच्या फळनिर्यातीवरचं तुझं टिपण वाचलं. ‘सुपीक जमीन, अनुकूल हवामान’ एवढ्यावर तू पहिला परिच्छेद उरकलास, तिथेच मी थांबलो. हे शब्द कुठल्याही देशाला चिकटवता येतात. अनुकूल कोणत्या पिकाला आणि कोणत्या महिन्यात, ते लिही.

चेरीचंच बघ. या झाडाला हिवाळ्यात भरपूर थंडी लागते. फळ पिकताना पाऊस आला, तर ते तडकतं. चिलीच्या मध्य खोऱ्यात पाऊस हिवाळ्यातच पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्या कोरड्या दिवसांत अँडीजवरचा बर्फ वितळून नद्यांना पाणी येतं, म्हणजे बागेला गरज असते तेव्हाच. शिवाय उत्तरेला अटाकामाचं वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला प्रशांत महासागर. कीड आत शिरणार कुठून? एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या द्राक्षबागा उजाड करणारी फायलोक्सेरा तिथे पाय रोवू शकली नाही.

तरी माझ्या मते खरं बळ दक्षिण गोलार्धाचं आहे. तोडणी मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारीत होते, तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा तोंडावर असतो आणि तिथल्या बागा निष्पर्ण असतात. आणि त्याच सुमारास चीनमध्ये चांद्र नववर्षाची खरेदी सुरू होते. लाल चेरी तिथे भेट म्हणून देतात. हेच फळ जूनमध्ये पिकलं असतं, तर त्याला हा भाव मिळाला नसता. अर्थात हा हंगाम पूर्वीही होताच. तीन आठवड्यांचा समुद्रप्रवास सोसणारी शीतसाखळी, म्हणजे फळ बागेपासून बाजारापर्यंत सतत थंड ठेवणारी व्यवस्था, उभी राहिली, 2006 मध्ये चीनशी मुक्त व्यापार करार लागू झाला, तेव्हा कुठे त्याचं सोनं झालं. हा भाग गाळू नकोस.

अर्जेंटिनाशी तुलना करायची तर जपून कर. पंपासची, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण मैदानाची, माती उत्तम आहेच, पण तिथे पिकणारं सोयाबीन वजनाला जड आणि किलोमागे स्वस्त. पाराना नदीतून समुद्री जहाजं थेट आतल्या रोसारियो बंदरापर्यंत येतात, म्हणून ते परवडतं. धान्याच्या बाबतीत आधी नदी आणि बंदर बघायचं, ताज्या फळाच्या बाबतीत तारीख.

पाण्यावर मात्र तू एकच ओळ लिहिली आहेस, ती मला फार खटकली. 2010 पासून मध्य चिलीत प्रदीर्घ अवर्षण आहे, डोंगरावरचा बर्फ घटतो आहे. ज्या बर्फावर सगळी मांडणी उभी, तोच आटत असेल तर त्याला स्वतंत्र प्रकरण हवं. नववर्षाचा दिवसही 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी असा मागेपुढे सरकतो. तो लवकर आला की विक्रीचे दिवस कमी होतात. एकाच ग्राहकावर विसंबल्याचा धोका तिथे मांड. पुढचा मसुदा पाठव, मी वाट बघतो.