ब्लाऊजमधली माया

मे महिना संपत आला होता. नागपुरात नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होऊन तीन दिवस झाले होते आणि कूलरही गरमच वारा फेकत होता. अशा दुपारी ती माझ्याकडे समुपदेशनाला आली ती काळ्या, पायघोळ, पूर्ण बाह्यांच्या पॉलिस्टर जॉर्जेटच्या कुर्त्यात. दुपट्टा दोन्ही खांद्यांना पिना लावून पक्का केलेला. बसल्यावर पर्स पोटाशी धरली, ती तासभर सोडली नाही.

वय ३९. पतसंस्थेत नोकरी, घरी दोन मुलं, नवरा, सासूबाई. तिचं नाव मी लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत, आणि हे लिहायला तिची संमती आहे. तक्रार होती झोप न लागण्याची आणि घरी सारखं चिडण्याची. बोलता बोलता ती मान खाजवत होती. गळ्याभोवती घामोळ्यांचा लाल पट्टा उठला होता.

"एवढ्या उन्हात सुती का नाही घालत?" मी विचारलं.

"सुतीत मी अजून जाड दिसते, मॅडम. काळ्यात जरा तरी झाकलं जातं. आधी दहा किलो उतरवते, मग घेईन चांगले कपडे."

हे शेवटचं वाक्य मी पंचवीस वर्षांच्या मुलींकडून ऐकते आणि साठीच्या बायकांकडूनही. म्हणून आता मी पुढचा प्रश्न ठरलेलाच विचारते: हे ठरवून किती दिवस झाले? तिनं मुलाच्या इयत्तांवरून हिशेब केला. तो पहिलीत असताना ठरवलं होतं, आता तो सातवीत गेला. सहा उन्हाळे तिनं त्या काळ्या कापडात काढले होते.

त्या सहा वर्षांत काय काय सुटलं, याची यादी आम्ही केली. नणंदेच्या घरचं लग्न डोकेदुखीचं निमित्त करून टाळलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभी राहिली. मुलांच्या वाढदिवसाचे सगळे फोटो हिनंच काढलेले, म्हणून एकातही ही नाही. सुरुवात कुठून झाली तेही निघालं. एका हळदीकुंकवाला चुलत जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "अगंबाई, ओळखलंच नाही तुला!" त्या कदाचित विसरल्याही असतील.

इथे एक सांगायलाच हवं. अशा वेळी आपण पटकन म्हणतो, "छे गं, छान तर दिसतेस." प्रेमानं म्हणतो, पण त्याचा उपयोग होत नाही. समोरचीला वाटतं, ही माझं मन राखतेय. शिवाय बोलणं पुन्हा दिसण्यावरच अडकतं. मी तिला म्हटलं, "तुम्ही कशा दिसता हे आपण सध्या बाजूला ठेवू. हा कुर्ता दिवसभर अंगावर असताना तुम्हाला कसं वाटतं, तेवढं सांगा." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कोंडल्यासारखं."

अंग झाकण्यासाठी घातलेला कपडा दिवसभर आपल्याला अंगाचीच आठवण करून देतो. दुपट्टा सरकला का, कुर्ता पोटावर चिकटला का, बसताना कुठे वळी दिसली का, सगळं लक्ष तिथेच. त्यात पॉलिस्टर घाम शोषून घेत नाही, त्यामुळे तो कातडीवरच राहतो. जीव घाबरा होतो तो उकाड्यानं, पण आपल्याला वाटतं, लोक बघताहेत म्हणून. समुपदेशनात अशा लपण्याच्या सवयींकडे आम्ही फार बारकाईनं बघतो. त्या आधार देतात असं वाटतं खरं, पण भीती त्यांच्यामुळेच टिकून राहते. "मी झाकलं म्हणून निभावलं," असं मन धरून बसतं, आणि न झाकता काय होतं हे कधी कळतच नाही.

थायरॉइडची तपासणी करून घ्यायला मी तिला तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं. वजन, थकवा, झोप असं सगळं एकत्र असेल तेव्हा ती तपासणी मी टाळत नाही. जेवण मुद्दाम सोडणं, खाल्लेलं ओकून काढणं, तासन् तास आरशासमोर अडकणं असं काही असतं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं असतं. तिच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

पुढच्या भेटीला मी तिला तीन कपडे आणायला सांगितलं: एक रोजचा, एक आवडता आणि एक आता न होणारा. आवडती साडी आईची निघाली. करवतकाठी, आपल्या विदर्भातली टसरची, काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली. न होणाऱ्या कपड्यात त्या साडीवरचं ब्लाऊज होतं. आदल्याच वर्षी शिवलेलं, एकदाच घातलेलं. "बघा ना," ती म्हणाली, "नवं शिवलं तरी मुंढ्यात काचतं, हुक लागत नाही. माझ्या अंगाला काही बसतच नाही."

"शिंप्यानं माप कधी घेतलं होतं?"

"माप नाही दिलं. मापाचं ब्लाऊज देते ना दरवेळी."

"ते कधीचं आहे?"

ती उत्तर द्यायला लागली आणि मध्येच थांबली. मापाचं ब्लाऊज लग्नातलं होतं, चौदा वर्षांपूर्वीचं. म्हणजे चौदा वर्षं प्रत्येक नवं ब्लाऊज पंचवीस वर्षांच्या मुलीसाठी शिवून येत होतं. ते बसलं नाही की दोष हिच्या अंगाला. टेप लावून घ्यायला लाज वाटते, शिंपी आकडा मोठ्यानं म्हणेल याची भीती वाटते, म्हणून जुनं ब्लाऊज पुढे करायचं. हे कितीतरी घरांत होतं, पण त्या दिवसापर्यंत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पुढचा गृहपाठ एवढाच होता: वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे जाऊन नव्यानं माप द्यायचं. मावशींनी आकडे वहीत लिहायचे, मोठ्यानं वाचायचे नाहीत. हिनं पाहायचेही नाहीत, हवं तर नंतर पाहायचे. ती जायला तीन आठवडे लागले. मी घाई केली नाही.

मावशींनी ते न होणारं ब्लाऊज उलटं केलं, कडेच्या शिवणी चाचपल्या आणि म्हणाल्या, "यात माया आहे बाई, उसवून देते." शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. अंग वाढेल, बाळंतपण होईल, दिवस बदलतील हे जुन्या शिवणाऱ्या बायकांना ठाऊक असायचं, म्हणून त्या ती सोडत. हे मला सांगताना तिचे डोळे भरून आले. त्या तासाला आम्ही फारसं दुसरं काही बोललो नाही.

आता कपड्यांबद्दल. मी शिंपी नाही, पण या कामात राहून जे शिकले ते तिला सांगितलं. तिचे खांदे अरुंद, कंबर तशी बारीक, नितंब आणि मांड्या रुंद. मासिकांत अशा ठेवणीला पेअर, म्हणजे नासपती, म्हणतात. बाईच्या शरीराला फळांची नावं द्यायला मला आवडत नाही. कपडा जिथे संपतो तिथे बघणाऱ्याची नजर थांबते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. कुर्त्याची खालची कड मांडीच्या सर्वांत रुंद भागावर आली तर नजर तिथेच थांबणार. ती गुडघ्याच्या जरा वर किंवा पुरती खाली न्यायची. दंड भरलेला असेल तर बाही त्याच्या मधोमध संपवायची नाही, कोपराच्या आसपास किंवा पाऊणहाती ठेवायची. खांदे अरुंद असतील तर आडवा, रुंद गळा, खांद्यावर थोडं भरतकाम किंवा वरच्या अंगाला फिकट रंग चांगला दिसतो. खाली घट्ट लेगिंग्जऐवजी सरळ पँट. आणि पायघोळ तंबू नको. कमरेवर थोडा आकार दिलेला कळीदार कुर्ता तिला खुलून दिसला, कारण तिची कंबर मुळात छान होती. सहा वर्षं तीसुद्धा झाकलेली.

तिला पूर्ण बाह्या सोडायच्या नव्हत्या. मी म्हटलं, सोडूही नका. नागपूरच्या कोरड्या उन्हात सैल, सुती, पूर्ण बाही उलट बरीच. ऊन थेट कातडीवर पडत नाही, आणि घाम कापडात मुरून उडून जाताना गार वाटतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम सहज उडत नाही. तिथे कापड आणखी पातळ हवं आणि आत वारा खेळायला जागा हवी. सुतीत जाड दिसण्याची तिची भीती अगदीच खोटी नव्हती. कोरं, खळ दिलेलं सुती कापड अंगापासून फुगून उभं राहतं. पण चार धुण्यांनंतर ते मऊ पडतं, आणि मलमल तर पहिल्यापासूनच अंगाबरोबर पडते.

मग आम्ही एक प्रयोग केला. दोन दिवस, तीच बस, तेच ऑफिस. पहिल्या दिवशी नेहमीचा काळा कुर्ता, दुसऱ्या दिवशी मावशींनी शिवलेला मोतिया रंगाचा मलमलचा. पिना लावलेला दुपट्टा नाही. आधी लिहायचं: किती जण टक लावून बघतील, किती जण काही बोलतील. संध्याकाळी लिहायचं: खरंच किती. दुसऱ्या दिवसासाठी तिनं लिहिलं होतं, "सगळे." संध्याकाळची नोंद अशी: "दोघी. एकीनं कापड कुठलं विचारलं. दुसरी म्हणाली, गारगार दिसतेस." त्याखाली तिनं आपण होऊन एक ओळ लिहिली होती: "आज कुर्ता किती वेळा ओढला ते मोजायचं विसरले."

एकदा बोलताना परकराचा विषय निघाला. पोट आत दिसावं म्हणून ती नाडी करकचून बांधायची, कमरेवर काळपट वळ पडला होता. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षं कमरेला परकराची नाडी किंवा लुगडं घट्ट आवळून झालेल्या जखमांमध्ये त्यांना त्वचेचा कर्करोग झाला होता. असं क्वचितच घडतं, मी तिला घाबरवलं नाही. पण नाडीऐवजी रुंद पट्टा लावायचा, घरी असताना तो सैल सोडायचा आणि वळ पडलेली जागा डॉक्टरांना दाखवायची, हे तिनं ऐकलं. उन्हाळ्यात मांड्या घासून सोलवटतात, त्यासाठी परकराखाली सुती, गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स. ही गोष्ट बायका एकमेकींनाही सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

पावसाळ्यात तिचा फोन आला. मलमल वाळत नाही, काय करू? पावसात सुतीचा हट्ट धरू नका, म्हटलं. सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे, लवकर वाळणारे कुर्ते, घोट्याच्या वर संपणारी पँट, गडद रंग. तेव्हा काळा कुर्ताही खुशाल घाला. ती हसली. आता तो तिला फक्त चिखलासाठी हवा होता.

वजन किती उतरलं, हे वाचणाऱ्या काही जणींच्या मनात येईलच. मी विचारलं नाही. चालायला ती जाऊ लागली होती, झोप सुधारली होती.

डिसेंबरमध्ये भाचीचं लग्न होतं. हळदीला जायचं ठरवून ती मावशींकडे आईच्या करवतकाठीवरचं नवं ब्लाऊज टाकायला गेली. पाऊणहाती बाही, गळा जरा रुंद, रात्री थंडी असते म्हणून आत मऊ अस्तर. मावशींनी टेप लावली. आकडा मोठ्यानं म्हणू का नको, म्हणून थांबल्या. ती म्हणाली, "म्हणा की." मग मावशींनी वहीत लिहिता लिहिता विचारलं, "माया किती ठेवू?"

"दोन्हीकडे इंच इंच ठेवा," ती म्हणाली. आणि मापाचं जुनं ब्लाऊज पर्समधून काढून मावशींनाच देऊन आली, चिंध्यांत टाकायला.