आर५० की आर६? विचारलंयस म्हणून सांगतो

आधी एक, मला सर म्हणणं बंद कर, दादा चालेल. आता कॅमेऱ्याचं.

तुझा मेसेज वाचला. कॅननचा छोटा आर५० आणि वरच्या वर्गातला आर६ मार्क टू (पुढे नुसतं आर६ म्हणतो), मधे एवढा मोठा स्पेक्सचा तक्ता, आणि खाली 'एकदाच घ्यायचाय, तर प्रोच घेऊ ना?' तुला 'हो, घेऊन टाक' ऐकायचंय हे मला कळतंय गं. पण तक्त्यात जे टाकलंयस त्यातलं निम्मं तुझ्या कामाचं नाही आणि जे कामाचं आहे ते तक्त्यात आलेलंच नाही, त्यामुळे जरा लांबेल हे, निवांत असशील तेव्हा वाच.

तुझाच तक्ता परत उघड. दोन्हीकडे २४ मेगापिक्सेल, दोन्हीकडे डिजिक एक्स प्रोसेसर, दोन्हीकडे ड्युअल पिक्सेल ऑटोफोकसची दुसरी पिढी, म्हणजे माणसाचा डोळा पकडणं, प्राणी ओळखणं, गाडी ओळखणं हे सगळं छोट्यातही आहे. उजेड बरा असेल, समोरचा माणूस एका जागी असेल आणि दोन्हीवर सारखी फ्रेम लावलीस तर नंतर स्क्रीनवर बघून कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्यातला हे तुला ओळखता येणार नाही आणि खरं सांगू का, बहुतेक मलाही नाही.

मग वरच्या बॉडीत जास्तीचे पैसे जातात कुठे? फोटो बुडू नये यासाठी जातात. आर६ला कार्डाचे दोन स्लॉट आहेत, दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्ड होतं, एक कार्ड मेलं तरी दुसऱ्यावर सगळं असतं. बॅटरी मोठी, बॉडी धूळ-पावसाला जास्त दाद देत नाही, रॉमध्ये, म्हणजे कच्च्या मोठ्या फाइलमध्ये, सलग बर्स्ट मारला तरी बफर, म्हणजे तात्पुरती मेमरी, लवकर भरत नाही (छोट्याचा रॉमध्ये सेकंदभरातच भरतो आणि मग कॅमेरा नुसता थांबून राहतो, हे मात्र खरंच वैताग आणतं). हे सगळं ज्याला समोरच्याकडून पैसे घेतल्यावर 'सॉरी, कार्ड उडालं' म्हणता येत नाही त्याच्यासाठी आहे. म्हणून मला तुला कॅमेऱ्याबद्दल विचारायच्या आधी हे विचारायचंय की तुझा एखादा फोटो हुकला तर आज कोणाचं नुकसान होतं? तुझं सोडून कोणाचंच नसेल तर तू ज्या गोष्टीचे पैसे मोजणार आहेस तिची गरज तुला अजून पडलेली नाही.

आता तू म्हणशील फुल फ्रेम, म्हणजे आर६चा मोठा सेन्सर. हो, हा मुद्दा खरा आहे, पण हिशोबाने बघूया. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, आर५०मधला छोटा, कॅननचा एपीएस-सी, साधारण २२.३ बाय १४.९, म्हणजे क्षेत्रफळात मोठा सेन्सर अडीच पटींपेक्षा थोडा जास्त. तेवढाच जास्त प्रकाश तो गोळा करतो, आयएसओच्या भाषेत दीड स्टॉपच्या आत (आयएसओ वाढवला की फोटो उजळतो पण दाणेदार होतो, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). ठीक. आता लेन्स बघ. आर५०बरोबर जी १८-४५ किट लेन्स येते ती झूम पूर्ण केल्यावर एफ/६.३ असते (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त). तिच्या जागी ५० मिमीची एफ/१.८ लाव, प्रकाश बारा पट. अडीच आणि बारा! किट लेन्सवर आयएसओ १२८०० लागत होता तिथे त्याच शटर स्पीडला १००० च्या आसपास भागतं. फोकसची खोली फार कमी होते हे लक्षात ठेव, दोन माणसं मागे-पुढे उभी असतील तर एफ/१.८ वर एक जण हमखास मऊ येणार, पण तू लिहिलंयस स्टेजवरचे कार्यक्रम आणि कमी उजेडातली पोर्ट्रेट, तिथे हे चालून जातं.

आणि तुझ्या बाबतीत धोका उलटा आहे. सगळं बजेट आर६च्या बॉडीत गेलं की लेन्सला उरणार काहीच नाही, मग त्याच्याबरोबरची २४-१०५ एफ/४-७.१ घेऊन तू बसशील, आणि स्टेजवर झूम केल्यावर ती लेन्स आत सोडेल एवढासा उजेड. त्या क्षणी शेजारी कोणी आर५०वर ५० एफ/१.८ लावून उभा असेल तर त्याच्या छोट्या सेन्सरवरही तुझ्यापेक्षा निदान चौपट प्रकाश पडत असेल. प्रो कॅमेरा तुझ्या हातात आणि कमी नॉइझवाला, म्हणजे कमी दाणेदार, फोटो त्याचा. ही गोष्ट स्पेक्सच्या तक्त्यात कधी दिसत नाही कारण तिथे बॉडीसमोर बॉडी ठेवलेली असते, लेन्स कोणी मांडतच नाही.

एवढं सगळं वाचून तुला वाटेल मी आर५० घे म्हणतोय. नाही म्हणत. कारण शिकणाऱ्याला नडणारी गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, ती म्हणजे डायल. आर५०ला एकच डायल. मॅन्युअल मोडमध्ये तो शटर स्पीड फिरवतो, लेन्सचं तोंड किती उघडं ते ठरवणारं अ‍ॅपर्चर बदलायचं तर आधी बटण दाबा मग फिरवा, आणि फोकस पॉइंट हलवायला जॉयस्टिक नाही, स्क्रीनवर बोट नाहीतर बाणांची बटणं. एकेकटं बघितलं तर यात काही विशेष नाही, पण यामुळे होतं काय की माणूस कंटाळून ऑटोवर जातो आणि तिथेच राहतो, मग वर्षभराने म्हणतो की कॅमेरा कमी पडतोय. ज्या सेटिंगला हात पटकन पोचत नाही ती सेटिंग आपण वापरत नाही, सरळ आहे. दोन डायल असले की अंगठ्याखाली एक, तर्जनीखाली एक, डोळा व्ह्यूफाइंडरला आणि अ‍ॅपर्चर आणि शटर दोन्ही नजर न हलवता फिरतात, आणि उजेड बदलला की आपण काय बदललं आणि चित्रात काय झालं हे बोटांना कळायला लागतं. शिकणं म्हणतात ते हेच, बाकी व्हिडिओ कितीही बघ.

म्हणून माझं मत मधल्या पायरीचं. कॅननमध्येच राहायचं तर आर१०. तोच २४ मेगापिक्सेल एपीएस-सी, पण दोन डायल, जॉयस्टिक, आणि पूर्ण मेकॅनिकल शटर. स्टेजवर शटर मेकॅनिकलच ठेव बघ, कारण पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि एलईडी लाइट डोळ्याला दिसत नसले तरी लुकलुकत असतात, त्यामुळे फोटोत आडवे पट्टे येतात, नाचणाऱ्याचा हात वाकडा येतो तो वेगळाच. सायलेंट मोडचा (तो इलेक्ट्रॉनिक शटरवरच चालतो) मोह तिथे आवरायचा, किंवा आधी दोन-चार फ्रेम मारून झूम करून बघायच्या. कॅननच पाहिजे असं काही नसेल तर निकॉनचा झेड५० टू पण हातात घेऊन बघ, २०२४चा आहे, दोन डायल आहेत, आणि त्यातला एक्सपीड ७ प्रोसेसर तोच जो त्यांच्या सगळ्यात वरच्या झेड९मध्ये आहे.

आणि हातात घेऊन बघ म्हणजे खरंच घेऊन बघ. लेन्स लावून, डोळ्याला लावून, आणि मग डोळा न काढता शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फोकस पॉइंट बदलायचा प्रयत्न कर. जिथे बोटं चाचपडतात तो कॅमेरा तुझा नाही, मग रिव्ह्यूमध्ये काहीही म्हणू देत. वजनाचंही तेव्हाच कळतं. आर५० बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम, आर६ ६७० ग्रॅम, हे नुसत्या बॉडीचं, वर लेन्स धरलीस की फरक अजून वाढतो. तू रोज बॅगेत टाकून फिरणार आहेस की कपाटात ठेवून महिन्यातून एकदा काढणार आहेस, हे तुझं तू ठरव.

'एकदाच घ्यायचाय' यावर बोलतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. बॉडी एकदाच घेतली असं होतच नाही. पहिला आर६ २०२०ला आला, मार्क टू २०२२ला. दोन वर्षांत! आजची प्रो बॉडी काही वर्षांनी मधल्या बॉडीएवढी होते, हे चालूच असतं. टिकतात त्या लेन्सेस. कॅननचा जुना ईएफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, १९८७चा, आणि त्या काळच्या लेन्सेस आज अडॅप्टर लावून नव्या आरएफ माउंटच्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. एकदाच घ्यायचंच असेल तर ती गोष्ट लेन्स आहे.

पण इथे एक मेख आहे, ती नीट समजून घे. आरएफ-एस लिहिलेली लेन्स एपीएस-सीसाठीच असते. उद्या तू फुल फ्रेमवर गेलीस आणि तीच लेन्स लावलीस तर कॅमेरा आपोआप मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे नऊच्या आसपास उरतात. उलट साधी आरएफ लेन्स छोट्या बॉडीवर आज पूर्ण चालते आणि उद्या मोठ्यावरही चालेल. म्हणून किट झूम फिरायला असू दे, ती हलकी आहे, पण पैसे खर्च करशील ती लेन्स आरएफ घे. मी तुला ३५ एफ/१.८ सुचवीन. एपीएस-सीवर तिचा अँगल फुल फ्रेमवरच्या ५६ मिमीसारखा पडतो, म्हणजे नॉर्मलच्या जवळ, आणि तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे जे आर१०च्या बॉडीत नाही. ५० एफ/१.८ स्वस्त पडते हे खरं, पण छोट्या बॉडीवर ती ८० सारखी होते, खोलीत पोर्ट्रेट काढायचं तर पाठ भिंतीला टेकते तुझी.

स्टॅबिलायझेशनवरून आठवलं, आर६च्या बॉडीतल्या स्टॅबिलायझरवर तू तीन उद्गारचिन्हं टाकलीयेस. चांगलाच आहे तो, पण तो तुझ्या हाताची थरथर आवरतो, समोर नाचणाऱ्या माणसाला तो थांबवू शकत नाही. नाचणाऱ्यासाठी शटर स्पीड १/५०० सेकंदाच्या पुढेच न्यावा लागतो, आणि ते परत लेन्सच्या उजेडावरच येतं. हातात धरून चालत व्हिडिओ काढणार असशील तर मात्र तो खरंच कामाचा आहे, पण व्हिडिओबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस म्हणून सोडून देतो.

आर६ कधी घ्यायचा? लोक पैसे देऊन बोलवायला लागले की. तेव्हाही लगेच नाही. सुरुवातीची कामं भाड्याच्या बॉडीवर कर, म्हणजे दोन स्लॉट, मोठी बॅटरी, मोठा सेन्सर यातलं नक्की काय तुला हवंय ते वापरून कळेल. कामाला जाताना कॅमेरे दोन लागतात हेही धरून चाल, एक बंद पडला तर दुसरा. एकच महागडी बॉडी घेऊन पैसे घेतलेल्या कामाला जाणं मला तरी पटत नाही, त्यापेक्षा तुझा आर१० आणि भाड्याचा आर६, दोघांवर तुझीच आरएफ लेन्स आलटून पालटून, हे जास्त सुरक्षित आहे. नंतर विकत घ्यायची वेळ आली की वापरलेला पहिला आर६ पण बघ, २० मेगापिक्सेल असले तरी दोन स्लॉट आहेत, फक्त शटर किती वेळा उडालंय ते विचारून घे आणि माउंट टॉर्च मारून बघ.

पुढच्या महिन्यातला तो कार्यक्रम तू आधीच घेतलायस असं शेवटी लिहिलंयस. त्याच्यासाठी काहीच विकत घेऊ नकोस. आर६ मार्क टू आणि एखादी एफ/२.८ झूम दोन दिवस आधी भाड्याने आण, दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड टाकून मेनूत एकाच वेळी दोन्हीवर रेकॉर्ड चालू आहे ना ते बघ, घरात दिवे मंद करून सराव कर, आणि काढलेल्या रॉ फाइल मला पाठव, त्यावर बोलू.