फेरस म्हणजे दोन, मग क्युप्रस म्हणजे एक कसं?

प्रश्न असा आहे: मुलगी नववीत आहे. शिकवणीत तिच्याकडून '-अस म्हणजे दोन, -इक म्हणजे तीन' असं घोकून घेतलंय. फेरस-फेरिकला ते जुळतं, पण क्युप्रसमध्ये तांब्याची संयुजा (दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) एक नि क्युप्रिकमध्ये दोन. मग '-अस'चा नेमका अर्थ काय? आणि सल्फाइट-सल्फेटचं काय?

शिकवणीतलं ते सूत्र आजच खोडून टाका. '-अस' आणि '-इक' हे आकडे नाहीतच. ते 'धाकटा' आणि 'थोरला' आहेत. थोरले माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी वारले, म्हणून 'थोरला म्हणजे सत्तावीस' असं कुणी म्हणत नाही. थोरला कुणापेक्षा, ते त्या त्या घराण्यात बघायचं. लोखंडाच्या घरात दोन नि तीन, तांब्याच्या घरात एक नि दोन, कथिलाच्या घरात दोन नि चार. म्हणून स्टॅनिक म्हटलं की चार. शिकवणीच्या हिशोबाने तिथे तीन लिहिलं की गुण गेलेच.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्याचे फिकट हिरवे खडे बाटलीचं बूच नीट न लावता ठेवून बघा. काही दिवसांनी खड्यांवर पिवळट-तपकिरी पूड धरते. हवेतल्या ऑक्सिजनने धाकट्याला थोरला करायला घेतलं, ते असं डोळ्यांना दिसतं. पाऱ्याच्या घरात तर प्रकरण जिवाशी येतं. मर्क्युरस क्लोराइड एके काळी जुलाबाचं औषध म्हणून पोटात देत, आणि मर्क्युरिक क्लोराइड हे जालीम विष. (औषध म्हटलं तरी पाराच तो. आता कुणी देत नाही, हे बरंच आहे.)

प्रत्ययांची ही सोय फ्रेंचांची. १७८७ साली गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फुरक्रुआ या चौघांनी मिळून नामकरणाची पद्धत मांडली. प्रत्यय आधी आम्लांना लागले: ऑक्सिजन कमी ते सल्फ्युरस आम्ल, जास्त ते सल्फ्युरिक. धातूंना ते पुढे लागले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. '-अस' आम्लाचा क्षार '-आइट', '-इक' आम्लाचा क्षार '-एट'. म्हणजे पुन्हा धाकटा-थोरलाच, फक्त आता मोजायचे ते ऑक्सिजनचे अणू. सल्फाइटमध्ये तीन, सल्फेटमध्ये चार. पण नायट्राइटमध्ये दोन आणि नायट्रेटमध्ये तीन! तेच तीन अणू गंधकाच्या घरी धाकटे आणि नायट्रोजनच्या घरी थोरले. पाठांतर करणारी मुलं हमखास घसरतात ती इथे.

आणि सल्फाइड वेगळं. त्यात ऑक्सिजन नाहीच. देवनागरीत 'ट'चा 'ड' झाला की पदार्थच बदलतो, तेव्हा वहीत ही दोन अक्षरं जरा सुटी काढायला सांगा. '-आइड' म्हणजे ऑक्सिजन नाही, असा मात्र पक्का नियम करू नका. ऑक्साइड नि हायड्रॉक्साइड समोरच उभे आहेत.

दोन भावंडांपुरतं हे छान चालतं. चार झाली की पंचाईत. क्लोरीनच्या घरात चौघे आहेत, तिथे क्लोराइटच्या खालच्याला 'हायपो' म्हणजे ग्रीकमधलं 'खाली' आणि क्लोरेटच्या वरच्याला 'पर' लावून वेळ मारून नेली. पाणी निर्जंतुक करायचं हायपोक्लोराइट हे त्यातलं सर्वांत धाकटं. विहिरीत टाकायच्या जांभळ्या परमँगनेटमधला 'पर'ही हाच. आपल्या 'परलोका'तला नव्हे.

मँगनीजला तर दोन, तीन, चार, सहा, सात अशा कितीतरी अवस्था. तिथे थोरला-धाकटा म्हणून भागत नाही, सरळ आकडाच सांगावा लागतो. १९१९ साली आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनज्ञाने धातूच्या नावापुढे कंसात रोमन आकडा घालायची पद्धत सुचवली. त्यामुळे फेरस सल्फेट हे आयर्न टू सल्फेट आणि क्युप्रस क्लोराइड हे कॉपर वन क्लोराइड. (या स्टॉकला पुढे प्रयोगशाळेतल्या पाऱ्यानेच विषबाधा झाली आणि मग त्याने पाऱ्याच्या धोक्यावर बरंच लिहिलं.)

म्हणून माझं मत: मुलीला आकड्याची पद्धत आधी शिकवा, जुनी नावं मागाहून. जुनी टाळता मात्र येणार नाहीत, कारण लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटावर अजूनही फेरसच छापलेलं असतं. आणि तिने क्युप्रसपुढे एक लिहिला असेल तर ते बरोबर आहे, शिकवणीत काहीही सांगोत.