सतराव्या दिवसाचं रडू

‘ताई, ऑपरेशन होऊन सतरा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे. मग मला रोज रडू का येतं? माझा निर्णयच चुकला का?’

रात्री साडेअकराला हा निरोप आला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर बसली होती. खुर्चीच्या अगदी कडेला, पाठ न टेकता. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून छातीवर पसरलेली. तिला आपण मृणाल म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे. वय ३४, बँकेत नोकरी, नाशिकला सासू-सासऱ्यांबरोबर राहते. दोन मुलं, धाकटा साडेतीन वर्षांचा. दोन्ही मुलांना अंगावर पाजून झाल्यावर छाती पार रिकामी, सपाट झाली, याचं तिला फार वाईट वाटायचं. स्वतःच्या पगारातून पैसे साठवून तिनं मुंबईत ब्रेस्ट ऑगमेंटेशन करून घेतलं, म्हणजे सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून स्तनांचा आकार वाढवून घेतला. नवऱ्याला माहीत होतं, घरात बाकी कुणालाच नाही. बँकेचं ट्रेनिंग आहे असं सांगून ती मुंबईला जाऊन आली होती.

‘का केलंस?’ हे मी तिला विचारलं नाही. तो प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारायचा असतो, आणि तेव्हा तो नीट, वेळ घेऊन विचारावा. टाके ओले असताना विचारला तर तो चाबकासारखा लागतो.

मी आधी शरीराचं विचारलं. ताप आहे का? एकच बाजू एकदम सुजली, लाल झाली, गरम लागतेय का? टाक्यांतून पाणी किंवा पू येतोय का? धाप लागते का, पोटरी सुजून दुखतेय का? यातलं एक जरी असतं तरी मी बोलत बसले नसते, तडक सर्जनकडे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. तीन दिवसांपूर्वीच ती फॉलोअपला जाऊन आली होती.

मग तिनं मोबाइल काढला. सतरा दिवसांतले चौसष्ट फोटो. सकाळी एक, रात्री एक, आणि मन फार खात असेल त्या दिवशी पाच-सहा. ‘बघा ना ताई, गळ्याखाली चढून बसल्यासारखे दिसतात. दगडासारखे कडक आहेत. डावा मोठा, उजवा लहान. डावीकडे स्तनाग्राला हात लावला तर काही कळतच नाही, आणि उजवीकडे कुर्त्याचं कापड घासलं तरी झिणझिण्या येतात.’

मी डॉक्टर नाही. म्हणून तिथूनच तिच्या सर्जनला फोन लावला, स्पीकरवर. त्या बाईंनी वीस मिनिटं दिली याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्या म्हणाल्या, इम्प्लांट स्नायूखाली बसवला आहे, आणि तो स्नायू अजून ताणलेला आहे. म्हणून छाती वर आणि घट्ट वाटते. स्नायू सैल पडत जाईल तसे इम्प्लांट खाली येऊन बसतील, त्याला तीन ते सहा महिने लागतात. सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही. बारीक नसा ताणल्या गेल्यात, म्हणून एकीकडे बधिरपणा आणि दुसरीकडे झिणझिण्या. बहुतेकींचं हे काही आठवड्यांत, काही महिन्यांत कमी होतं, थोड्या जणींना थोडा बधिरपणा कायम राहतो. टाक्यांचे व्रण आधी लालच दिसतात, फिकट व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. ‘आत्ता आरशात बघणं म्हणजे परांची बांधलेली असताना घर कसं दिसतं ते बघणं आहे,’ असं त्या म्हणाल्या. सर्जिकल ब्रा रात्रंदिवस सहा आठवडे. झोपायचं पाठीवर, डोक्याखाली उंच घेऊन. रोज चालायचं. जड उचलायचं नाही आणि हात डोक्यावर न्यायचे नाहीत, त्या सांगेपर्यंत.

हे सगळं ऑपरेशनच्या आधीही सांगितलं होतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मृणालनं मान हलवली. कागदावर सहीही केली होती तिनं. पण मनात जे चित्र धरलेलं असतं, त्याच्यापुढे ऐकलेलं टिकत नाही. मला यात तिचा दोष दिसत नाही.

आता रडण्याचं. पहिले आठ-दहा दिवस माणूस दुखण्याला तोंड देण्यात गुंतलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुखणं ओसरतं आणि मन मोकाट सुटतं. कुशीवर वळता येत नाही म्हणून झोप तुकड्यातुकड्यांची. आठवडाभर वेदनाशामक गोळ्या. केस विंचरायलाही दुसऱ्याचा हात लागतो. आणि ज्यासाठी एवढं सोसलं ते अजून दिसतच नाही. गर्भपिशवी काढलेल्या, गुडघा बदललेल्या बायकांमध्येही मी हे रडू पाहिलं आहे. फरक एवढाच, की गर्भपिशवी काढलेल्या बाईला शेजारीण पेज आणून देते, जाऊ पाणी भरते, नणंद दोन दिवस राहायला येते. मृणालला दुखतंय असं म्हणायचीही सोय नव्हती. नवरा प्रेमळ आहे, पण बाराव्या दिवशी तोही म्हणाला, ‘अगं, तुझ्याच मर्जीनं केलंस ना? मग आता रडतेस कशाला?’ तेव्हापासून ती बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

मी तिला सांगितलं ते एवढंच. हे रडू खरं आहे, पण तो निर्णयाचा निकाल नव्हे. निर्णय बरोबर होता की चूक, हे सहा महिन्यांच्या आत ठरवायचं नाही. सहा महिन्यांनंतरही ‘नको होतं’ असंच वाटलं, तर तेव्हा शांतपणे बोलू. तोवर फोटो पंधरा दिवसांतून एक, त्याच उजेडात, आणि जुने सगळे नवऱ्याच्या मोबाइलमध्ये.

तिचं नाक-डोळे, वजन, केस याबद्दलचं म्हणणंही मी विचारून घेतलं. एक दुरुस्त केलं की दुसरं खुपायला लागतं असा काहींच्या मनाचा आजारच असतो, आणि तिथे पुढचं ऑपरेशन उपयोगाचं नसतं. तसं तिच्यात दिसलं नाही. उदासी दिवसभर राहिली, आणखी दोन आठवड्यांनीही हटली नाही, किंवा जगणंच नको वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, हेही ठरवून घेतलं. मरणाचा विचार आला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

उठता उठता तिनं खरी गोष्ट सांगितली. सासूबाई रोज सकाळी धुतलेल्या कपड्यांची बादली गॅलरीत ठेवतात आणि दोरीवर वाळत घालायला सांगतात. दोरी उंच. ही काहीतरी निमित्त काढून टाळते, सासूबाईंना वाटतं ट्रेनिंगहून आल्यापासून सूनबाईंचा नूर बदलला. आणि धाकटा. ‘आई, कडेवर घे’ म्हणून तो दोन्ही हात वर करतो, ही मागे सरकते. परवा तो धावत येऊन छातीवर आदळला. ती किंचाळली, त्याला हातानं दूर लोटलं. ‘तो मला सॉरी म्हणाला हो ताई,’ एवढं बोलून ती पुन्हा खुर्चीत बसली.

लपवणं हा तिचा हक्क आहे, हे मी आजही म्हणेन. कुणाला किती सांगायचं हे ज्याचं शरीर त्यानं ठरवावं. पण या लपवण्याची किंमत आता मूल भरत होतं. मुलाला काय सांगायचं ते आम्ही ठरवलं: ‘आईच्या छातीला बाऊ झालाय, डॉक्टरांनी टाके घातलेत. मी खाली बसते, तू शेजारून मिठी मार.’ त्यानं ते लगेच मान्य केलं. मुलं करतात.

सासूबाईंना मात्र तिनं अर्धंच सांगितलं. ‘छातीचं छोटं ऑपरेशन झालंय.’ सासूबाई मटकन खाली बसल्या. ‘गाठ निघाली का गं?’ त्यांची धाकटी बहीण स्तनाच्या कॅन्सरनं गेलेली. त्यांचा पांढराफटक चेहरा बघून मृणालला सगळं सांगावं लागलं. हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे ‘छातीचं ऑपरेशन’ म्हटलं की पहिला अर्थ तोच निघतो. आता मी कुणालाही असं अर्धं वाक्य सुचवत नाही.

दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘अंगावर टाके असताना मी तुला कपडे वाळत घालायला लावत होते. पाप माझ्या माथी कशाला? तोंडानं बोलायचं नाही का?’ खर्चावरून त्यांची नाराजी अजून आहे, ती त्या बोलूनही दाखवतात. कपडे मात्र तेव्हापासून सासरे वाळत घालतात.

सहाव्या आठवड्यात सर्जननी हळूहळू वजन उचलायची परवानगी दिली. चौथ्या महिन्यात मृणाल आली तेव्हा पाठ टेकून बसली होती. आकार खाली आला होता, हाताला मऊ लागतं म्हणाली. डावीकडचा बधिरपणा थोडा कमी झालाय, पण आहे. तो कदाचित राहीलही, हे तिला माहीत आहे.

त्या दिवशी तिनं विचारलं, ‘आता हे जन्मभराचं ना?’ मी खरं ते सांगितलं. इम्प्लांट जन्मभर टिकतील असं धरून चालू नये. दहा-पंधरा वर्षांनी, कधी त्याआधीही, बदलावे किंवा काढावे लागू शकतात. भोवती तयार होणारं आवरण कधी आवळतं आणि छाती कडक होते. सिलिकॉनचा इम्प्लांट आत फुटला तर बाहेरून कळेलच असं नसतं, म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचा, सल्ला आहे की पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. पुढे मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला, जाताना इम्प्लांट आहेत हे आधी सांगायचं, म्हणजे तपासणारे जास्तीच्या बाजूंनी फोटो घेतात.

तिनं पर्समधून इम्प्लांटचं कार्ड काढून दाखवलं, कंपनी, माप आणि क्रमांक लिहिलेलं. इतके दिवस ते बँकेतल्या ड्रॉवरमध्ये, कुलपात होतं. आता घरी सासऱ्यांच्या शुगरच्या रिपोर्टांबरोबर ठेवणार आहे, त्याच फायलीत, असं म्हणाली.