पंचांग बघून वल्हं उचला
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : अंबाझरी आणि खिंडसी तलावांत वर्षभर कयाक (वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी) चालवली. डिसेंबरात स्वतःची कयाक घेऊन तारकर्ली-देवबागला चार दिवस जायचंय. भरती-ओहोटीचा अंदाज नागपुरात बसून बांधता येतो का? तारखा कशा निवडाव्यात?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : येतो, आणि त्याचं साधन तुमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेलं असेल. दिनदर्शिकेत तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या पुढे. हा हिशेब तासभर सहज चुकतो. त्यावर रजेचा अर्ज टाका, पण पाण्यात उतरायची वेळ जवळच्या बंदराच्या भरती-कोष्टकावरूनच ठरवा. मुंबईचं कोष्टक नको, मालवणात भरती मुंबईच्या आधी येते.

तारखा अष्टमी ते दशमीच्या आसपास धरा. पौर्णिमा-अमावस्येला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट. चढउतार कमी, म्हणून खाडीतली ओढही कमी. पहिल्या खेपेला हेच बरं.

तलावात सवय न लागणारी गोष्ट म्हणजे ही ओढ, आणि ती सहाही तास सारखी नसते. समजा त्या दिवशी पाणी १.८ मीटर उतरणार आहे. ते ढोबळमानाने पहिल्या तासात १५ सेंटिमीटर उतरतं, दुसऱ्यात ३०, तिसऱ्या-चौथ्यात ४५-४५, मग ३० आणि शेवटी १५. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं. कर्ली नदीच्या मुखाशी, देवबागच्या संगमावर, नेमक्या त्याच वेळी बाहेर धावणारं पाणी आत येणाऱ्या लाटांना भिडतं. लाटा आखूड आणि उभ्या होतात, वाळूच्या दांड्यावर फुटतात. तासाभरापूर्वी तिथे काहीच नसतं, त्यामुळे माणूस फसतो. ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात मुखाकडे फिरकू नका.

खाडीत नेहमी आधी ओढीविरुद्ध जा आणि ओढीबरोबर परत या. अष्टमीला सकाळी सातला निघालात तर पाणी उतरत असेल. नदीच्या वरच्या अंगाला जा, नवापर्यंत वळा, आणि उतरायची जागा काठावरच्या ठळक खुणेने आधीच हेरून ठेवा, नाहीतर तिच्यावरून खाली वाहत जाल.

वाऱ्याचं उलटं असतं. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटतो. किनाऱ्यालगत पाणी फुटाळ्यासारखं गुळगुळीत दिसतं, कारण वाऱ्याला लाट उठवायला जागाच मिळालेली नसते. पण तोच वारा तुम्हाला बाहेर लोटतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा फिरेल आणि आत आणेल, या भरवशावर राहू नका. समुद्राच्या बाजूला उतरायचंच असेल तर आधी पन्नास मीटर जा, वळा आणि परत येऊन दाखवा. दम लागला तर त्या दिवशी खाडीच.

प्रश्न : पॉलिथिलीनची कयाक गच्चीवर दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती. मे संपेस्तोवर बुडाला दोन खळगे पडले, आता ती सरळ जात नाही. एम-सील भरून समतल करू का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : एम-सील नको. या प्लास्टिकला ना ते धरतं ना कुठला साधा गोंद, चार दिवसांत पापुद्रा निघेल. खळगा भरायचा नसतो, आतून बाहेर काढायचा असतो.

कयाक पालथी करून दुपारच्या उन्हात तास-दीड तास ठेवा. आपल्याकडच्या उन्हात अर्धे खळगे आपोआप उठतात. राहिलेल्यांवर कढत पाणी हळूहळू ओता आणि जाड हातमोजा घालून आतून तळहाताने दाबा. बुड वर आलं की काम संपलं असं वाटतं, आणि इथेच घोटाळा होतो: प्लास्टिक गरम असताना हात काढला की खळगा परत बसतो. आतून लाकडी फळी आणि टेकू देऊन तो दाब तसाच ठेवा, वरून ओलं फडकं टाका, पूर्ण थंड झाल्यावरच टेकू काढा. हीट गन किंवा स्टोव्हची आच लावू नका, पृष्ठभाग चकाकला की तो भाग कायमचा अशक्त झाला समजा.

मुळात खळगे पडले ते ठोकळ्यांमुळे. तापून मऊ झालेल्या बुडावर सगळा भार दोन चिंचोळ्या जागी आला. कयाक कुशीवर ठेवा, किंवा पलंगाच्या रुंद नवारीच्या दोन झोळ्यांत टांगा, झोळ्या आतल्या आडव्या भिंतींच्या खाली येतील अशा. सावली हवीच, कूलरच्या खोलीबाहेर बांधता ती हिरवी जाळी चालेल. हॅचची, म्हणजे सामानाच्या कप्प्यांची, झाकणं सैल ठेवा. बंद कप्प्यातली हवा उन्हात फुगते, झाकण उडतं, आणि तापलेली कयाक एकदम गार पाण्यात टाकली की तीच हवा आकसून बूड आत ओढते. समृद्धीवर टपावरून नेताना दोर आवळून करकचले तरी हाच प्रकार. मधले पट्टे घट्ट, पुढचा-मागचा दोर नुसता ताठ, आणि थांबाल तिथे हात लावून बघा.

प्रश्न : उलटलेल्या कयाकमध्ये परत चढायचा सराव तलावात केला तर समुद्रात उपयोगी पडतो का?
— एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : हाताची रीत शंभर टक्के तीच. जलपर्णी नसलेल्या जागी, छातीभर पाण्यात, सोबत कुणी असतानाच करा. बाहेर पडताना कयाक सोडायची नाही, हा पहिला नियम, कारण वाऱ्यात रिकामी कयाक तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने पळते. ती सरळ करा. वल्ह्याच्या एका पात्यावर पॅडलफ्लोट (हवा भरायची तरंगती पिशवी) चढवून पूर्ण फुगवा. वल्हं कॉकपिटमागे (बसायच्या खळग्यामागे) आडवं धरा, पाय पाण्यावर येईपर्यंत लाथा मारा, मग पोटावर सरकत मागच्या डेकवर या. एक पाय वल्ह्यावर अडकवा, दुसरा कॉकपिटात घाला, मग पहिला. शेवटी भार फ्लोटच्या बाजूला ठेवूनच पालथ्याचं उताणं व्हा. बहुतेक जण इथेच घाईने दुसऱ्या बाजूला वळतात आणि पुन्हा पाण्यात जातात. बसल्यावर भरलेलं पाणी हातपंपाने काढा, ते शंभर लिटरच्या वर असू शकतं. शांत पाण्यात तीन मिनिटांत चढता आलं नाही, तर समुद्रासाठी अजून तयारी झालेली नाही.

प्रश्न : मच्छीमारांच्या जाळ्यांजवळून जावं का?
— एक वाचक, रामटेक

उत्तर : लांबूनच. खाडीत डोल (खांबांना बांधून ओढीत उघडं ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) लावलेली असेल तर तिच्या तोंडाकडे ओढ असते, कयाक आडवी होऊन तिथे चिकटली की सुटत नाही. खांब किंवा बोये दिसले की ओढ जिकडे जाते त्या बाजूने वळसा घ्या. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं) ओढत असतील तेव्हा दोर वाळूपासून पार आतपर्यंत गेलेले असतात, काठाजवळून घुसू नका. निघण्याआधी किनाऱ्यावर कुणालातरी परतायची वेळ सांगा, जाळी कुठे आहेत तेही तिथेच कळेल. मोबाइल जलरोधक पिशवीत अंगावर ठेवा, कयाकमध्ये नाही. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४.