शिडाच्या बोटीवर राहताना ठरवलेला बेत कितपत बदलतो? मनाची तयारी कशी करावी?

फ्लोरिडाहून नोव्हेंबरात निघायचं, मार्चमध्ये पोर्तो रिकोला आई-बाबांना बोलवायचं, जूनच्या आत कॅरिबियनच्या दक्षिण टोकाला ग्रेनाडा गाठायचं. महिनावार एक्सेल तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या मार्चवर नजर पडली आणि राहवलं नाही. आमच्याही एक्सेलमध्ये तो मार्च होता.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात नवरा आणि मी अडतीस फुटी बोट घेऊन निघालो. गल्फ स्ट्रीम, म्हणजे फ्लोरिडा आणि बहामाच्या मधून उत्तरेला वाहणारा जोरदार समुद्रप्रवाह, ओलांडायला थांबावं लागतं हे तुम्हाला माहीत असणारच. वारा उत्तरेकडून असेल तर प्रवाहाशी भिडून लाटा उभ्या राहतात; तेव्हा निघायचं नाही, विषय संपला. खरी परीक्षा जॉर्जटाउनपासून पुढे. बहामातल्या ग्रेट एक्झुमा बेटावरचं हे बंदर हिवाळ्यात शेकडो बोटींनी भरलेलं असतं. त्याला 'चिकन हार्बर', म्हणजे भित्र्यांचं बंदर, म्हणतात, कारण कॅरिबियनला निघालेले कितीतरी जण इथूनच माघारी फिरतात. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हीही हसलो होतो.

तिथून वाट आग्नेयेला जाते आणि व्यापारी वारे वाहतात पूर्वेकडून. म्हणजे शेकडो मैल वारा तोंडावर. उत्तरेकडून कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची लाट, आला की वारा दक्षिण, पश्चिम, उत्तर असा फिरतो, आणि त्या फटीत जमेल तेवढं पूर्वेला सरकून घ्यायचं. आमची फट बहामातल्याच लाँग आयलंडपर्यंत पुरली आणि मिटली. तिथल्या थॉम्प्सन बे या खाडीत नांगर टाकला तो टाकलाच.

आता दीरांचं. ते न्यूजर्सीत असतात. त्यांनी जानेवारीतच पोर्तो रिकोच्या राजधानीची, सॅन हुआनची, मार्चची तिकिटं काढून ठेवली होती, पैसे परत न मिळणारी. मी आधीच बजावलं होतं की जागा सांगा नाहीतर तारीख सांगा, दोन्ही मिळणार नाहीत. पण डोंबिवलीत लोकलच्या मिनिटांवर आयुष्य काढलेला माणूस! रोज संध्याकाळी फोन. "आज किती पुढे?" आज शून्य, भाऊजी. "मग एंजिन लावा ना." बावीस नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात लाटांवर नाक आपटत एंजिनवर गेलं तर ताशी तीन मैल जेमतेम पडतात, आणि टाकीच्या तळाचा गाळ ढवळून फिल्टर चोंदतो ते वेगळंच. हे त्यांना सांगून झालं, नकाशा पाठवून झाला. त्यांचं एकच, "ठरवलं होतं ना?"

भावाच्या तिकिटांपायी नवरा निघायला तयार झाला होता. मी नाही म्हटलं. बोटीवर एकाचा नकार पुरतो, हा आमचा नियम निघायच्या आधीपासूनचा आहे.

मग आम्ही तिथेच राहिलो. डीन्स ब्लू होल पाहिलं, समुद्रातलं विहिरीसारखं विवर, किनाऱ्याला लागून २०२ मीटर खोल. दुकानात भाजी मेलबोटीने, म्हणजे टपाल आणि सामान आणणाऱ्या बोटीने, येते आणि मेलबोटही वाऱ्यापायी रखडते, त्यावर दुकानातल्या बाई खांदेसुद्धा उडवत नाहीत. एप्रिलमध्ये बोट वळवली आणि तोच वारा पाठीशी घेऊन एक्झुमा, एल्युथेरा, अबाको करत उत्तरेला गेलो. इतकं सुखाचं सेलिंग त्या आधी झालं नव्हतं.

दर गणपतीला दीर पाहुण्यांसमोर सांगतात, "हे अर्ध्यातून परतले." त्यांच्यासाठी एक माहिती. ग्रेनाडा चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या खाली समजलं जातं, म्हणून उन्हाळा आम्ही तिथे काढणार होतो. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ ग्रेनाडाच्याच कॅरिअकू बेटावर धडकलं. आसऱ्याला खारफुटीत बांधून ठेवलेल्या बोटीही फुटल्या. आम्हाला हे आधी कळलं होतं असं नाही, त्यामुळे श्रेय घेत नाही. पण एक्सेल पाळलं असतं तर आम्ही तिथेच असतो.

तर तुमचा प्रश्न. बेत कितपत बदलतो? उत्तरेचा वारा गल्फ स्ट्रीमपाशीच बदलायला लावेल. एक्सेलमध्ये १ जून ठेवा. वादळांचा मोसम तेव्हा सुरू होतो आणि वादळी पट्ट्यातून बाहेर पडायची विमेवाल्यांची तारीखही बहुधा तीच असते. बाकी सगळे महिने पुसा. आई-बाबांची तिकिटं तुम्ही पोचल्यावर काढा, महाग पडली तरी. तांदूळ, तूरडाळ, पोहे हिशेबापेक्षा दोन आठवडे जास्त घ्या. मूग भरपूर घ्या, भाजी संपली की मोड आणता येतात.

मनाच्या तयारीचं मला विचाराल तर तयारी नातेवाइकांची करावी लागते. तुमचं मन थॉम्प्सन बेमध्ये चार दिवसांत आपोआप वळणावर येतं.

हां, मुलं बरोबर असतील किंवा बोटीवरून नोकरी करणार असाल तर माझा हिशेब तुम्हाला लागू नाही. आणि पुढे जाणारे वेडे नसतात. डोमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्याने रात्री जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्याच्या आधाराने सरकत जाणारी, धीराची माणसं मला माहीत आहेत. तीसुद्धा तिथल्या लुपेरोन बंदरात आठवडेच्या आठवडे थांबतात, आणि त्यांच्याही दीरांचे फोन येत असतील.

यंदा दिवाळीला भाऊजींना बोटीवर बोलावलंय, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात. कुठल्या खाडीत ते आदल्या दिवशी कळवीन म्हटलं. अजून उत्तर आलेलं नाही.